झिपरी चिचुंद्रीचा भोंगा

एक होती चिचुंद्री. तिचं नाव झिपरी. केवढी? बोटाएवढी.

झिपरीला बाजारात बातमी सांगायची होती. मोठ्ठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

बाजारात बातमी सांगायचा रेडेमामा. पोत्यावर चढून. चाळीस वर्षं सांगत होता. दर बाजारी एकच बातमी.

"हँ."

आज पोत्यावर चढायची पाळी झिपरीची. ती चढली नाही, तर पुन्हा "हँ."

झिपरीकडे भोंगा होता. भोपळ्याच्या पिवळ्या फुलाचा. तिनं तो खाली ठेवला. जरा शेपूट खाजवली.

तेवढ्यात शेळी आली. मचमच मचमच! भोंगा खाल्ला.

"अगं, माझा भोंगा!"

"भोंगा होय? मला वाटलं भजी." शेळी म्हणाली आणि गेली.

झिपरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. भोपळ्याच्या वेलाकडे आली. वेल दरवर्षी एक फूल फुकट द्यायचा. बातमी सांगायची असेल अशा एका मुलीला. कुंपणावर तसं लिहिलंच होतं.

"वेलोबा वेलोबा, फूल द्या.
शेळीनं भोंगा खाल्ला.
बाजार भरत आला, बोलू मी कशी?"

वेल म्हणाला, "देतो की! पण आधी कोंबडोबाला हो म्हणू दे."

झिपरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. कोंबडोबाकडे आली.

"कोंबडोबा कोंबडोबा, हो म्हणा.
शेळीनं भोंगा खाल्ला.
वेल फूल देईना.
बाजार भरत आला, बोलू मी कशी?"

कोंबडोबानं तुरा हलवला. "पोरींना कशाला गं भोंगा? तुझ्या आईला होता का?"

"नव्हता. म्हणून तर मला हवाय."

"फार बोलतेस! म्हणेन मी हो. पण आधी गाढवकाकाला परवानगीच्या पानावर शिक्का मारू दे."

झिपरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. गाढवकाकाकडे आली.

"गाढवकाका गाढवकाका, शिक्का मारा.
शेळीनं भोंगा खाल्ला.
वेल फूल देईना.
कोंबडोबा हो म्हणेना.
बाजार भरत आला, बोलू मी कशी?"

गाढवकाकानं खूर वर केला. खूर बघितला. खूर खाली ठेवला.

"शिक्का खुराचा. खुराला लागतो चिखल. आधी बेडूकआजोबाला चिखल करू दे."

"काका, मीच करते ना चिखल."

"तुझा चिखल चालत नाही. आजोबांचाच लागतो."

झिपरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. बेडूकआजोबाकडे आली.

"बेडूकआजोबा बेडूकआजोबा, चिखल करा.
शेळीनं भोंगा खाल्ला.
वेल फूल देईना.
कोंबडोबा हो म्हणेना.
गाढवकाका शिक्का मारेना.
बाजार भरत आला, बोलू मी कशी?"

"डराँव! आमच्या वेळी असं नव्हतं."

"मग कसं होतं, आजोबा?"

बेडूकआजोबानं विचार केला. खूप विचार केला. "असंच होतं."

मग म्हणाला, "बाजाराशेजारच्या डबक्यात उडी मारली की चिखल होतो. पण डबक्यात बसलाय रेडा. आधी रेडेमामाला सरकू दे."

झिपरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. रेडेमामाकडे आली.

"रेडेमामा रेडेमामा, जरा सरका.
शेळीनं भोंगा खाल्ला.
वेल फूल देईना.
कोंबडोबा हो म्हणेना.
गाढवकाका शिक्का मारेना.
बेडूकआजोबा चिखल करेना.
बाजार भरत आला, बोलू मी कशी?"

"हँ," रेडेमामा म्हणाला. "आधी एक बातमी सांगून दाखव. मग सरकतो."

"पण बातमी सांगायला भोंगा लागतो!"

"मग आण भोंगा."

"कुठून आणू?"

"वेलाकडून."

झाली की नाही गंमत? जिथून निघाली, तिथंच परत!

झिपरी रडली नाही. तिला राग आला. एवढ्याशा नाकात एवढा मोठा राग.

टिव टिव टिव! आवडा टिटवी आली. आवडा शेजारच्या गावात बातमी सांगायची. गेल्या वर्षीचं फूल तिलाच मिळालं होतं.

"काय गं, कोण फिरवतंय तुला?"

झिपरीनं सगळं सांगितलं. एका दमात. एकही नाव चुकलं नाही.

"किती जणांना सांगितलंस हे?"

"पाच."

"अगं, मग तुला बातमी सांगता येतेय की! हीच तुझी बातमी. हा घे माझा भोंगा. संध्याकाळी परत दे."

"आणि शिक्का?"

"कसला शिक्का? पाय रोव. पोटातून बोल."

"चीं."

"हे नाकातून आलं. पोटातून!"

"चीं."

"पुन्हा."

"चीं."

"पुन्हा."

दहा वेळा पुन्हा. आवडा कंटाळली नाही. अकराव्यांदा आवाज आला,

"ऐका हो ऐकाऽऽ!"

आवडा धप्पकन उलटी पडली. "जमलं! पळ आता!"

झिपरी पळाली. तुरुतुरुतुरुतुरु! पोत्यावर चढली. पाय रोवले.

"ऐका हो ऐकाऽऽ!
शेळीनं भोंगा खाल्ला!
वेल फूल देईना!
कोंबडोबा हो म्हणेना!
गाढवकाका शिक्का मारेना!
बेडूकआजोबा चिखल करेना!
रेडेमामा सरकेना!
का सरकेना? त्यांनाच विचाराऽऽ!"

सगळा बाजार वळला. मेंढ्या हसल्या. बदकं हसली. कांदे विकणारी घूस हसून हसून कांद्यांत पडली.

रेडेमामाचे कान लाल झाले. "सरकतो, सरकतो!" फच्च! रेडा सरकला.

डबाक! बेडकानं उडी मारली.

फचाक! चिखल झाला.

ठप्प! गाढवानं शिक्का मारला.

"हो! हो! होऽऽ!" कोंबडा ओरडला.

टप्प! वेलानं फूल दिलं. पिवळं, मोठ्ठं, झिपरीचं स्वतःचं.

झिपरीनं आवडाचा भोंगा आवडाला दिला. आपलं फूल तोंडाशी धरलं. आणि पोटातून बोलली,

"ऐका हो ऐकाऽऽ! दुसरी बातमी!
सशीणबाईंची सात पिल्लं हरवली होती.
आता सापडली.
आठ सापडली!
आठवं कुणाचंऽऽ?"

सगळ्यांनी कान टवकारले.

"काय? आठ?" रेडेमामा ओरडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं बातमीला "हँ" म्हटलं नाही.

आणि सगळे पळाले. मेंढ्या पळाल्या, बदकं पळाली, घूस कांद्यांसकट पळाली. आठवं पिल्लू कुणाचं ते बघायला.

पोत्यावर राहिली एकटी झिपरी. तिनं फूल हातात घट्ट धरलं. या वेळी खाली नाही ठेवलं.

गोष्ट आमची सरली. पोरींनो, आता तुम्ही बोला. पोटातून!