मानकऱ्यांना उतरवणारा धाकू तारी

कांदळीच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका, मोजायला तेव्हा कोणी बसलं नव्हतं. त्या काळी धाकू तारी लोकांना नावेतून पलीकडे सोडायचा. इतका गरीब स्वभावाचा, की नावेत बकरी चढली तरी "या, बसा" म्हणायचा, असं म्हणतात. कोणाला "नाही" म्हणणं त्याला जमायचंच नाही.

एकदा पलीकडच्या गावी निघालेलं वऱ्हाड आलं. वऱ्हाड म्हटलं की मानपान आलंच. नवऱ्याचा मामा म्हणाला, "मी मागच्या फेरीला? मग लग्नच मोडा!" लगेच काका फुगला, आत्याचा नवरा फुगला. मागं राहायला एक माणूस तयार नाही. पाणी नावेच्या काठाशी आलेलं धाकूला दिसत होतं. तरी हात जोडून म्हणाला, "या, बसा."

भर खाडीत नाव उलटली. हाताला लागले तेवढे धाकूनं ओढून काढले. नवरा लागला नाही. मामाही नाही. समोरच्या काठावर नवरी हळदीच्या अंगानं उभी होती. तिनं सगळं बघितलं. आणि धाकूनं तिला बघितलं.

त्यानंतर नाव भरली की त्याच्या तोंडून शिवीच निघायची, असं म्हणतात.

"ए ढेरपोट्या, उतर!" हे गावच्या खोताला. "म्हातारे, गप बस, नाव डुलतेय!" हे स्वतःच्या सासूला. ऐकलं नाही तर पाठीत वल्हं. लोक चिडायचे, पण उतरायचे.

मग शिमग्यात देवीची पालखी आली. मागं सगळे मानकरी. पालखी आणि मानकरी एकाच नावेत, अशी त्यांची रीत.

"अर्धे उतरा," धाकू म्हणाला.

"अरे, रीत आहे आमची!"

"मग रीतीला पोहत येऊ दे."

"देवी कोपेल, धाकू!"

"कोपू दे. आई, तूपण ऐक. ही माणसं उतरत नाहीत, तर तू मागच्या फेरीला ये."

खोत पांढराफटक पडला. आणि काय सांगू, पालखी भोयांच्या खांद्यावरून खाली आली नि वाळूत बसली. सगळ्या मानकऱ्यांनी जोर लावला, धोतरं सुटली, पण ती हलेना, असं म्हणतात. शेवटी मानकरी दोन खेपांत तोंड पाडून पलीकडे गेले. नाव रिकामी परत आली, तेव्हा भोयांनी पालखी फुलासारखी उचलली.

आता पूल झालाय, एसटी जाते. तरी शिमग्यात पालखी नावेनंच जाते, तीही शेवटच्या फेरीला. आणि प्रत्येक नाव सुटण्याआधी तिच्यातल्या सगळ्यात मोठ्या मानाच्या माणसाला धाकूच्या नावानं शिवी घालून उतरवतात. मागं एक आमदार आले होते. "ए ढोल्या, उतर!" म्हटल्यावर त्यांचा माणूस अंगावर धावून आला. आमच्या बायकांनी दोघांनाही उतरवलं.

खाडी तीच, ओढही तीच. शिव्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्यात. त्या वऱ्हाडानंतर बुडालं मात्र कोणी नाही.