मालकांनी केलेलं निरोपाचं भाषण

नाटक कंपनीचे मालक त्र्यंबकराव शिंत्रे स्वतःच नायकाचं काम करत, पण वाक्यं पाठ करणं त्यांना कमीपणाचं वाटे. म्हातारे विसूभाऊ विंगेतून वाक्यं पुरवत आणि त्र्यंबकराव ती तशीच्या तशी खड्या आवाजात म्हणत.

एक दिवस त्यांनी भागीदाराला सांगितलं, "विसूभाऊंचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत जातो. माझं हसं होतं. काढून टाकू त्यांना."

"अहो, मग तुम्हाला वाक्यं कोण देणार?"

"मला कुणाची गरज नाही!"

संध्याकाळी सगळी मंडळी रंगमंचावर जमली. विसूभाऊ सवयीने विंगेत उभे राहिले. मालक छाती काढून पुढे आले.

"मंडळी, मी आज जाहीर करतो, की विसूभाऊंना या कंपनीतून..."

पुढचं आठवेना. नजर आपोआप विंगेकडे वळली.

फक्त मालकांनाच ऐकू जाईल अशा बेताने विसूभाऊ म्हणाले, "कुणाचा बापही काढू शकणार नाही!"

"कुणाचा बापही काढू शकणार नाही!" मालक गरजले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आपण काय बोलून बसलो ते मालकांना तेव्हा कळलं. ते सावरायला त्यांनी घाईघाईने तोंड उघडलं.

"थांबा," विंगेतून आवाज आला, "आधी टाळ्या संपू द्या."

मालक थांबले.