मैना परतताना बुजते

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वनितानं विचारलं, “घोडी खोडीची आहे का नाही, एवढंच सांगा चाचा. बाकी मला काही शिकायचं नाही.”

दस्तगीरचाचा खाली बसून एका घोड्याचा खूर बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

डोंगरावरच्या त्या गावात गाडी येत नाही. माणूस असो नाहीतर गॅसची टाकी, सगळं घोड्यावरनं. म्हणून चाचा दर वर्षी तिथल्या माळावर शिबिर घेत. आपापलं जनावर घेऊन यायचं अन् शिकायचं. आज शिबिराचा शेवटचा दिवस होता.

वनिता आपल्या मैनेला घेऊन आली होती. डाव्या कडेवर रांगता बाळू, उजव्या हातात लगाम.

“काय केलं घोडीनं?” चाचांनी विचारलं.

“दोन महिन्यांमागं पोरीला पाडलं. कड्याच्या वळणावर. तिथं दुकानाची निळी ताडपत्री फडफडते. जाताना गुमान गेली. परतताना दरीच्या बाजूला उसळली. कस्तुरी पार काठावर पडली, हात मोडला.” ती थांबली. “हातावरच निभावलं, म्हणून इथं उभी आहे मी.”

…

“मामंजी म्हणतात, आज सुधारली नाही तर उद्या व्यापाऱ्याच्या हवाली करतो. घोडी गेली तर पोरीची शाळा गेली, शाळा पार खाली पायथ्याला. अन् घोडी ठेवली तर…”

“कुणाच्या हाताखाली वाढली ही?”

“माझ्याच. शिंगरू होतं तेव्हापासून. घोडी कशी धरायची ते मला नका सांगू.”

चाचांनी कुंपणाकडं बोट केलं. तिथं एक निळी ताडपत्री वाऱ्यावर फडफडत होती.

“तिच्याजवळनं ने. अन् परत आण.”

जाताना ताडपत्री डाव्या अंगाला होती. मैनेनं कान हलवला अन् निघून गेली. वनितानं वळवलं. आता ताडपत्री उजव्या अंगाला आली… अन् मैना अशी उसळली की लगाम हातातनं सटकला. वनितानं बाळूला छातीशी आवळलं.

“वहिनी, घोडीला माहेरी नेताय का काय?” एक घोडेवाला ओरडला. “जायला खुशीत, परतायचं म्हटलं की रुसली!”

सगळे हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी मैनेला धरून आणलं.

“रोज याच बाजूनं चालतेस?”

“सगळेच चालतात. बसायचं डावीकडनं, धरायचं डावीकडनं. त्यात हा डाव्या कडेवर. उजवा हात मोकळा लागतो ना मला.”

“उजवीकडनं धर.”

“मग बाळू?”

“त्या कडेवर घे.”

वनिता पुढनं वळसा घालून गेली. बाळूला उजव्या कडेवर घेतलं.

मैना फुरफुरली, झटक्यानं लांब सरकली. अन् तेवढ्यात बाळूनं अंग ताठ केलं आणि भोकाड पसरलं.

“चाचा, ही मला ओळखेना! अन् याला काय झालं आता?”

“पोर तुझंच ना?”

“असं काय विचारता!”

“मग?”

…

वनितानं बाळूकडं बघितलं. मग मैनेच्या उजव्या डोळ्याकडं. तो डोळा तिनं इतक्या जवळनं कधी बघितलाच नव्हता, अन् त्या डोळ्यानं तिलाही.

ती तशीच उभी राहिली. बाळूला थोपटत, मैनेशी बोलत. काय बोलत होती ते तिलाही कळत नव्हतं. ऊन माळावर उतरलं. बाळू हुंदके देत देत तिच्या खांद्यावर टेकला. मैनेनं हळूच मान लांबवली अन् त्याचा पाय हुंगला.

“चल,” चाचा म्हणाले.

तिनं मैनेला तशीच उजवीकडनं धरून कुंपणाशी आणलं. ताडपत्री उजव्याच अंगाला. वाऱ्यानं फाडकन आवाज केला. मैना थांबली. सगळं अंग थरथरलं… वनितानं डोळे मिटले.

उडी आली नाही.

एक पाऊल पडलं. जरा थांबून दुसरं.

वनिता रडत रडत परत आली. “चाचा… आता पोरीला बसवू ना? उद्या?”

चाचा पुन्हा त्या घोड्याच्या खुराशी जाऊन बसले होते.

“उजवं अंग आज कुठं शिकायला लागलं. मामंजींना सांग,” ते म्हणाले. “वाटेत जो कुणी लगाम धरून भेटेल, त्यालाही सांग… अर्धी घोडी विकू नये, अन् अर्ध्या घोडीवर लेकरू बसवू नये.”