कर्दनकाळाची ललकारी

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं आईने मला बजावलेलं आहे. म्हणून हळूच सांगते.

राजा प्रचंडरावांच्या राज्यात लहानथोर सगळे मोबाइलवर ‘गडजिंकी’ हा ऑनलाइन खेळ खेळत. खरं नाव राजवाड्यात नोंदवायचं आणि टोपणनावाने लढायचं. त्या टोपणनावाआड दडून लोक अशा शिव्या हासडत, की लहान पोरं रडत खेळ सोडून पळायची. त्यांच्या तक्रारी वाचायला येसू नावाची दासी होती.

तक्रारींचा ढीग छताला टेकला, तसा राजा गरजला, “येसू, आठ दिवसांत शिव्या बंद! पण कुणाला खेळातून काढायचं नाही आणि एकाही शब्दावर बंदी नाही. जमलं नाही, तर तू राज्याबाहेर!”

प्रधान गालात हसला. “बांध गाठोडं, पोरी!”

“गाठोडं राहू द्या, प्रधानजी. मला फक्त दरबारातले चोपदार द्या.”

दुसऱ्या दिवसापासून चोपदार गावोगाव हिंडू लागले. शिवी देणाऱ्याच्या दारात उभं राहायचं, काठी आपटायची आणि राजाला देतात तशी खणखणीत ललकारी द्यायची!

“निगाह रखो! गोपाळपंतांचे चिरंजीव, दोन लेकरांचे बाप, दामोदरपंत यांनी काल तिसरीतल्या मुलीला म्हटलं...” आणि पुढे शिवी, जशीच्या तशी! घरात सासूबाई, ओट्यावर शेजारी. दामोदरपंत चार दिवस दाराबाहेर पडले नाहीत.

आठव्या दिवशी दरबार भरला.

“काय गं, थांबल्या शिव्या?”

“एकटा उरलाय, महाराज. टोपणनाव कर्दनकाळ.”

राजाचा मिशीवरचा हात खाली आला. तोवर चोपदार सिंहासनासमोर उभा राहिलासुद्धा!

“निगाह रखो! भीमराव महाराजांचे चिरंजीव, प्रजेचे पालनकर्ते, महाराज प्रचंडराव यांनी काल गड हरल्यावर कुंभाराच्या पोरीला म्हटलं...”

“थांब!” राजा किंचाळला. पडद्याआड आईसाहेब बसल्या होत्या.

“का, महाराज? एकाही शब्दावर बंदी नाही. हुकूम आपलाच!”

“अगं, ती शिवी नव्हती! लढाईचा आवेश होता तो!”

“दामोदरपंतही हेच म्हणत होते.”

आणि राजा एकदम खो खो हसत सुटला! हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने येसूला दिलं. “आजपासून गडजिंकीचा कारभार तुझा!”

आईसाहेब मात्र हसल्या नाहीत. पडद्याबाहेर येऊन त्यांनी हात पुढे केला. “आण तो मोबाइल इकडे!” आणि मग सगळ्या दरबारादेखत त्यांनी महाराजांचा कान...

आले गं आई, आले!