आभाळावर उभा

“कुणी दृष्ट लावली माझ्या पायांना? सांगा ना, कुणी?”

रेवणगिरीचा आवाज मठाच्या ओसरीभर घुमला. ऐकायला तिथं त्याचे गुरू सोमगिरी बाबा तेवढे होते, आणि ते भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते.

रेवणगिरीनं उभं राहण्याचं व्रत घेतलं होतं. बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. झोपसुद्धा उभ्यानंच, आढ्याला टांगलेल्या झोपाळ्यावर छाती टेकून. गोदाकाठच्या गावागावांतून माणसं येत आणि त्याच्या सुजून खांब झालेल्या पायांवर डोकं ठेवीत. पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी उठल्या, तर लोक म्हणाले, सिद्धी फुटून आली! हे दुखत असेल, असं एकाच्याही मनात आलं नाही.

आता घोट्याच्या वर जखम झाली होती आणि ती भरत नव्हती.

“डॉक्टर काय म्हणाला?”

“शिरांच्या झडपा सैल झाल्यात म्हणे. खाली उतरलेलं रक्त वर चढत नाही, पायातच साचतं. पाय उंच ठेवून पडा, पट्टी बांधा, चाला. नाहीतर जखम चिघळत जाईल.”

“मग?”

“मग काय बाबा! व्रत मोडू?”

“कुणापुढं घेतलंस?”

“देवापुढं.”

“मोडायचं म्हटलं, की भीती कुणाची वाटते?”

रेवणगिरीनं बाबांच्या हातांकडे पाहिलं. एक शेंग फुटली… दुसरी फुटली…

“…लोकांची.”

बाबा उठले. मांडीवरची टरफलं झटकली. दोर सैल करून झोपाळा कमरेइतका खाली आणला आणि त्याच्याखाली स्वतःची घोंगडी अंथरली.

“पड.”

“मी उभा राहणारा माणूस आहे, बाबा!”

“मग राहा की. पाय झोपाळ्यात घाल. आज आभाळावर उभा राहा.”

रेवणगिरीनं दात आवळले, आणि तो आडवा झाला. पाठीला जमीन लागली तेव्हा त्याच्या तोंडून हुंकार निघाला. हळूहळू पायांतलं ओझं ओसरू लागलं. पाय आपलेच आहेत, हे त्याला कितीतरी दिवसांनी कळलं.

दिवेलागणीला माणसं आली आणि दारातच थबकली.

“आडवा झाला…”

“व्रत मोडलं, दुसरं काय!”

रेवणगिरीची कोपरं जमिनीवर टेकली. आता उठावं, झटकन उठावं… त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा शेंगा सोलत होते.

त्यानं कोपरं सोडली.

“पाय दुखत होते,” तो खणखणीत आवाजात म्हणाला. “पहिल्या दिवसापासून दुखत होते!” आणि त्याला हसूच फुटलं.

कुणी हललं नाही. मग मठात दूध घालणारी कोंडाबाई पुढं आली. चरवी खाली ठेवून तिनं झोपाळ्यातल्या पायांना ताठ उभ्यानंच हात लावला.

“ब्येस झालं, म्हाराज. पाया पडाया आता वाकाया नको.”