दाराबाहेरची दुपार

“याहून वरची साधना कोणती, माई?”

हेमंत दाबके उत्तराची वाट न बघता बोलतच राहिला. “प्राणायाम झाला, ध्यान झालं. रोज पहाटे माझ्याबरोबर बसते. तरी शाळेला निघताना उलटी होते. डोक्यावरचे केस स्वतःच उपटते.”

यमुनामाई नदीकाठच्या मठात एकट्याच राहत. परात पुढ्यात घेऊन त्या भिजवलेले वाल सोलत होत्या. हेमंत त्यांचा जुना शिष्य. आता शहरात त्याचं मोठं नाव होतं. मन शांत कसं ठेवावं, हे शिकायला लोक त्याच्या शिबिरांना गर्दी करत.

शेजारी त्याची अकरा वर्षांची मुलगी, शर्वाणी. डोक्याला रुमाल, पाठ ताठ.

“आई गेल्यापासून होतं का गं असं?” माईंनी तिला विचारलं.

“छे, ते तिनं फार छान पेललं,” हेमंत म्हणाला. “डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. स्मशानातून आलो तर ही पाहुण्यांना पाणी देत होती.”

सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

“झोप लागते?”

“लागते,” हेमंतच म्हणाला.

माईंचे हात थांबले.

“हेमंता, तू बाहेर बस.”

“माझ्याशिवाय ती बोलायची नाही, माई.”

“न बोलू दे.”

…

तो ओट्यावर बसला. दार लोटलेलं. आतून काही ऐकू येईना. ना माईंचा आवाज, ना पोरीचा.

लोकांना शिकवायचा तसे त्यानं श्वास मोजायला घेतले. चुकला. पुन्हा घेतले, पुन्हा चुकला.

मग आत उचकी लागल्यासारखं काहीतरी झालं.

“आई…”

आणि पाठोपाठ असा हंबरडा, की हा आपल्या मुलीचा आवाज, हे त्याला पटेचना.

तो दार ढकलून आत धावला. शर्वाणी जमिनीवर पालथी पडली होती. रुमाल सुटलेला. टाळूवर पडलेल्या चकत्या दिसत होत्या. माई शेजारी नुसत्या बसल्या होत्या.

“काय सांगितलंत तिला?”

“काही नाही.”

“काय विचारलंत?”

“काही नाही.”

तो गुडघ्यांवर बसला. “शर्वू… श्वास घे बाळा. लांब श्वास. शाब्बास…”

त्याचा आवाज कानावर पडला आणि पोर उठून बसली. पाठ ताठ केली. हुंदका गिळला. ओठ थरथरत होते, तरी तिनं ते घट्ट मिटून घेतले.

हेमंत पुढे बोलणार, तोच माईंनी आपला ओला तळहात त्याच्या तोंडावर दाबून धरला.

शर्वाणी त्या हाताकडे बघत राहिली. मग बापाच्या डोळ्यांकडे…

आणि पुन्हा कोसळली. या वेळी त्याच्या मांडीवर.

बऱ्याच वेळानं माईंनी हात काढला.

“थांबवा तिला, माई,” तो कसाबसा म्हणाला. “मला बघवत नाही.”

“मग बघू नकोस,” माई म्हणाल्या. “पण उठू नकोस.”