चाळणीचं एक भोक

भांडीकुंडी आणि गुरंवासरं एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. सारजाच्या घरी एक चाळणी होती. सारजाच्या धाकट्या लेकीवर, येसूवर, चाळणीचा भारी जीव. पोरीच्या घशाला काही टोचू नये म्हणून ती पीठ अगदी मैद्यासारखं चाळून द्यायची. उरलेला कोंडा गोठ्यातल्या पाडीला जायचा.

पाडी टुणटुणीत झाली. येसू मात्र पोट धरून कोपऱ्यात बसू लागली.

चाळणीने पाडीला विचारलं, "चांगलं तेवढं तिला देते गं. मग पोट का दुखतं तिचं?"

पाडीने रवंथ थांबवला. "मावशी, प्रत्येकाच्या पोटात इवल्या जिवांचं गोकुळ नांदतं. कोंडा हा त्यांचा घास. माझ्या पोटातले पोटभर जेवतात आणि घर सारवून ठेवतात. येसूची मऊ पोळी वरच्या वर पचून संपते, त्यांच्यापर्यंत काही पोचतच नाही. मग ती भुकेली लेकरं भिंतीचं सारवणच खरवडून खातात. भिंत उघडी पडते, लाल होते, तिची आग होते."

त्यांचा घास चाळणीच तर अडवत होती.

दुसऱ्या दिवशी सारजा पीठ चाळायला बसली, तेव्हा चाळणीने अंग ताणून मधल्या तारा तोडून घेतल्या. कोंडा पिठात पडला.

"फाटली मेली," म्हणत सारजाने तिला खुंटीला अडकवलं आणि पीठ तसंच मळलं.

नवी आणू, नवी आणू म्हणता म्हणता येसू अंगणात लंगडी खेळू लागली, आणि नवीचं नाव कुणी काढलं नाही.

चाळणी खुंटीवरून बघत राहिली. अंगावर शेकडो भोकं होती, पण तिने स्वतः पाडलेलं हे एकच.